‘आता उशीर झाला का, ताई?’

कायद्याचा सल्ला विचारायला या सदराकडे या महिन्यात आलेली निम्म्याहून जास्त पत्रं साठीच्या पुढच्या माणसांची आहेत, नाहीतर त्यांच्या लेकीसुनांची आणि शेजाऱ्यांची. त्यामुळे भाडेकरू आणि सोसायटीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. आणि या सगळ्या पत्रांमध्ये कुठे ना कुठे एक वाक्य आहेच, की आता उशीर झाला का, वर्ष उलटलं म्हणजे केस गेली का. म्हणून आधी मुदतीचं सांगून टाकते, मग एकेक पत्र घेऊ.

आपल्याकडे ‘वृद्धांचा छळ’ या नावाचा वेगळा गुन्हा भारतीय न्याय संहितेत नाहीये. मारलं, कोंडलं, धमकावलं, पैसे लाटले, असे त्याचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याची शिक्षा वेगळी. फौजदारी तक्रारीची मुदत या शिक्षेवरूनच ठरते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसी) कलम ४६८ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे, हिशोब तोच राहिलाय. नुसत्या दंडाचा गुन्हा असेल तर सहा महिने, एक वर्षापर्यंत कैदेचा असेल तर एक वर्ष, एक ते तीन वर्षं कैदेचा असेल तर तीन वर्षं, आणि तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्याला मुदतच नाही. कोर्ट शेवटी किती शिक्षा देईल ते इथे बघायचं नसतं, कायद्यात जास्तीत जास्त किती लिहिलीय ते बघायचं. आणि पोटगी, राहतं घर, संरक्षणाचा आदेश या मागण्यांना ही फौजदारी मुदत लागत नाही, हे तर खूप जणांना माहीतच नसतं आणि तिथेच माणसं हातपाय गाळून बसतात.

प्रश्न : वकीलताई, मी सिडकोत राहते, वय ७१. मिस्टर सातपूरला कंपनीत होते, ते जाऊन सहा वर्षं झाली, घर आता माझ्या नावावर आहे. मी आणि मुलगा दोघंच. २०२५ च्या किंक्रांतीला पैशावरून वाद झाला, त्याने ढकललं आणि मी ओट्यावर आपटले, डावं मनगट सुजलं. शेजारणीने पोलिस स्टेशनला नेलं, तिथे एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतली आणि घरी पाठवलं. दोन दिवसांनी एक्स-रे काढला तर हाडाला क्रॅक, सहा आठवडे प्लास्टर होतं. डॉक्टरांना मी मोरीत पाय घसरला असं सांगितलं. मग काही महिने बरा वागला, दिवाळीत परत कानाखाली मारली. आता एक ओळखीचे गृहस्थ म्हणतात की वर्ष झालं, ती केस संपली. खरं का हे? आणि ताई, त्याला जेल व्हावी असं मला वाटत नाही हो, त्याने हात उचलू नये एवढंच हवंय.

उत्तर : आजी, ते गृहस्थ अर्धं बरोबर सांगतायत आणि चूक आहे तो अर्धा तुमच्या कामाचा आहे.

साधी मारहाण, ज्याला आपण मुका मार म्हणतो, ती न्याय संहितेच्या कलम ११५(२) मध्ये येते, शिक्षा एक वर्षापर्यंत, म्हणून मुदत एक वर्ष. दिवाळीतली कानाखाली मारलेली यात बसते, म्हणजे तिची मुदत २०२६ च्या ऑक्टोबरमध्ये, पुढच्या दिवाळीच्या आधीच संपेल, अजून वेळ आहे. पण किंक्रांतीची घटना वेगळी आहे, कारण तुमच्या मनगटाचं हाड दुखावलंय. हाड मोडलं तर कायद्याने ती ‘गंभीर दुखापत’ होते, आणि पूर्ण मोडायला पाहिजे असंही नाही, तडा गेलेला असला तरी चालतं. गंभीर दुखापतीला कलम ११७(२) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि सात वर्षांच्या गुन्ह्याला मुदत नाही. म्हणजे एनसीवर जे लिहिलंय ते धरलं तर केस गेली, आणि एक्स-रे धरला तर केस जिवंत आहे. तो एक्स-रे, केसपेपर, प्लास्टरची पावती, जे असेल ते शोधा. नसेल तर जिथे उपचार घेतले तिथे लेखी अर्ज करून प्रत मागा, तुमचेच कागद आहेत ते.

एनसीबद्दल एक गोष्ट सगळ्यांनीच वाचा. साधी मारहाण अदखलपात्र असते, पोलिस डायरीत नोंद करतात, तुम्हाला एक कागद देतात आणि मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय पुढे तपास करू शकत नाहीत. लोक तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतात आणि तक्रार केलीय या समाधानात वर्ष घालवतात. मुदत मोजताना कायदा दोन तारखा बघतो, दखलपात्र गुन्ह्याची खबर पोलिसांनी नोंदवल्याची, नाहीतर मॅजिस्ट्रेटकडे तक्रार दाखल केल्याची. एनसी या दोन्हींत बसत नाही. म्हणून हातात फक्त एनसी असेल तर घड्याळ थांबलंय असं धरून चालू नका, वर्षाच्या आत मॅजिस्ट्रेटकडे तक्रार दाखल करा. वर्ष उलटलंच असेल तर उशिराचं पटेल असं कारण देऊन कलम ५१९ खाली विलंब माफ करायची विनंती करता येते, आजारपण, त्याच मुलावर अवलंबून असणं, भीती, ही कारणं मांडता येतात, पण माफ करायचं की नाही ते कोर्टाच्या हातात, त्यावर भिस्त ठेवू नये.

तुमच्या बाबतीत आता एक्स-रे घेऊन पोलिस स्टेशनला लेखी अर्ज द्या की हाडाला इजा आहे, गुन्हा ११७(२) खाली नोंदवा, आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. नाही घेतला तर तोच अर्ज पोलिस आयुक्तांच्या नावाने पोस्टाने पाठवा, तरी काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्र जोडून मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं.

अडचण आहे ती मोरीची. केसपेपरवर ‘पाय घसरून पडल्या’ असं लिहिलेलं असणार आणि समोरचा वकील सगळ्यात आधी तेच वाचून दाखवेल. ते लपवू नका, जबाबातच सांगा की मुलाच्या भीतीने आणि लाजेने तसं सांगितलं. शेजारीण त्याच दिवशी तुमच्याबरोबर पोलिस स्टेशनला आली होती आणि एनसीवर त्याच दिवसाची तारीख आहे, म्हणून ती एनसी मुदतीसाठी उपयोगाची नसली तरी पुरावा म्हणून फार मोलाची आहे, ती फेकू नका.

माझी मावशी पण ‘पडले’ म्हणायची. मी वकील, महिन्यातून दोनदा तिच्याकडे जेवायला जायची, आणि मला कळलं नाही. तिच्या मागे घर आवरताना कॅलेंडर सापडलं, त्यावर दुधाच्या खाड्यांच्या खुणा होत्या आणि काही तारखांना शेजारी बारीकशी फुली. धाकट्या मामेबहिणीला त्या फुलीचा अर्थ माहीत होता, तिला शपथ घातलेली होती. तेव्हापासून माझ्याकडे कोणी साठीच्या पुढचं माणूस आलं आणि ‘पडलो’ म्हणालं की मी बाकीच्यांना बाहेर बसवते आणि परत विचारते. आजी, तुम्ही पण कॅलेंडरवर लिहा, पण फुली नको, काय झालं ते चार शब्दांत लिहा, कोण समोर होतं ते लिहा.

आता तुमचं दुसरं म्हणणं, जेल नको. तुमच्यासाठी रस्ता आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ फक्त सुनांसाठी आहे असा समज आहे, तो चूक आहे, आईसुद्धा मुलाविरुद्ध अर्ज करू शकते. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा, की मुलाने मारू नये, धमकावू नये, आणि गरज पडली तर घर सोडावं असा आदेश द्या. हा अर्ज म्हणजे गुन्ह्याची फिर्याद नव्हे, त्याला एक वर्षाची अट लागू होत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये ‘कामाची (Kamatchi) विरुद्ध लक्ष्मी नारायणन’ या केसमध्ये स्पष्ट केलंय. संरक्षणाचा आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलाला कागदावर कोर्टाचा शिक्का दिसला की बऱ्याच घरांत हात खाली येतो, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंय, सगळ्या घरांत येतो असं म्हणत नाही. आणि समजा फौजदारी केस केलीतच आणि पुढे तो सुधारला तर साधी मारहाण तुमच्या संमतीने मिटवता येते, गंभीर दुखापत कोर्टाच्या परवानगीने मिटवता येते, तेव्हा तक्रार केली म्हणजे मुलगा जन्माचा गेला असं नाही. वकिलाच्या फीची काळजी करू नका, बाईमाणसाला उत्पन्न न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, सीबीएस बसस्थानकाजवळ आपल्या नाशिकच्या जिल्हा कोर्टात त्यांचं ऑफिस आहे, फोन करायचा तर १५१००.

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग. वय ७६. मोठा मुलगा पुण्याला नोकरीला, म्हणून २०१९ ला धाकट्याच्या नावाने घर आणि दोन एकर बक्षीसपत्र करून दिलं. आता तो आणि सून आम्हा दोघांना जेवण देत नाहीत, पडवीत राहतो, औषधाला पैसे मागितले तर तुमच्या नावावर काय आहे असं विचारतो. बक्षीसपत्रात सांभाळायची अट लिहिलेली नाही, तेव्हा कोणी सांगितलंच नाही. सात वर्षं होत आली, आता परत घेता येईल का?

उत्तर : काका, दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर मुलाच्या नावाने राहतं घर आणि शेती बक्षीस देता येते, म्हणून गावोगाव हे सर्रास चालतं, आणि त्या दिवशी सगळे पेढे खात असतात तेव्हा अट लिहा म्हणणारा माणूस वाईट दिसतो. तुमची चूक म्हणून हे सांगत नाहीये, रोजचं आहे.

तुमच्यासाठी कायदा म्हणजे आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा २००७ चा कायदा, महाराष्ट्रात १ मार्च २००९ पासून लागू आहे. त्याचं कलम २३ म्हणतं की ज्येष्ठाने सांभाळायच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर तो व्यवहार फसवणुकीने झालाय असं मानून न्यायाधिकरण तो रद्द करू शकतं. अडतं ते ‘अटीवर’ या शब्दापाशी. २०२२ च्या डिसेंबरमध्ये सुदेश छिकारा विरुद्ध रमती देवी या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशी अट होती हे दाखवावं लागेल, नुसतं म्हणून चालणार नाही. मग २ जानेवारी २०२५ ला उर्मिला दीक्षित विरुद्ध सुनील शरण दीक्षित हा निकाल आला, मध्य प्रदेशातल्या एका आईचा, तिनेही २०१९ लाच मुलाला बक्षीसपत्र करून दिलं होतं, आणि त्याच दिवशी मुलाने वेगळ्या कागदावर वचन लिहून दिलं होतं की शेवटपर्यंत सांभाळीन. कोर्टाने दोन्ही कागद एकत्र वाचले, हा कायदा ज्येष्ठांच्या भल्यासाठी आहे तेव्हा त्याचा अर्थ उदारपणे लावायचा असं म्हटलं आणि मालमत्ता आईला परत दिली.

म्हणून काका, पेटी उघडा. बक्षीसपत्र शब्दन् शब्द वाचून घ्या, ‘सेवा करतो’, ‘सांभाळ करतो आणि पुढेही करील’ असं एखादं वाक्य मजकुरात असतं बऱ्याचदा, लिहिणाऱ्याने सवयीने घातलेलं, ते लक्षात राहत नाही. त्या वेळचं भावाभावांचं वाटणीचं टिपण, पंचांसमोर झालेली कबुली, मोठ्या मुलाबरोबरचे मेसेज, सगळं काढा. काहीच नसेल तर कलम २३ अवघड जाईल, खोटी आशा दाखवत नाही. त्या कलमाला स्वतःची अशी मुदत लिहिलेली नाही, पण दिवाणी कोर्टात दस्त रद्द करायचा दावा लावायचा म्हटलं तर फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं असतात, त्यामुळे आणखी एक हंगाम बघू असं करू नका.

बक्षीसपत्राचं काहीही होवो, पोटगी तुमचा हक्क आहे आणि ती मागायला जमीन नावावर असायला लागत नाही. अर्ज निफाडच्या प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करायचा, तेच न्यायाधिकरण. साध्या कागदावर मराठीत लिहिला तरी चालतो, वकील लागत नाही. दोन्ही मुलांची नावं घाला, पुण्याच्या मुलालाही जबाबदारी आहे, मुलगी असेल तर तिलाही, लग्न झालेली असली तरी. सुनेचं नाव पोटगीत घालू नका, या कायद्यात ‘मुलं’ म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात, सून त्यात नाही. नोटीस लागल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो, फार तर ३० दिवस वाढवता येतात, मधल्या काळात अंतरिम रक्कमही मागता येते. महिन्याला जास्तीत जास्त दहा हजार रुपये. ही मर्यादा काढायचं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं, मंजूर झालंच नाही, आणि दहा हजारांत दोन म्हाताऱ्या माणसांची औषधं आणि जेवण आज कसं भागतं हे ते विधेयक बाजूला पडू देणाऱ्यांनी महिनाभर करून बघायला पाहिजे होतं, मला याचा खरंच राग येतो. जास्त पोटगी हवी असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली कोर्टात जाता येतं, तिथे अशी मर्यादा नाही आणि नव्या संहितेत आईवडील राहतात तिथेच अर्ज करता येतो, पण दोन्हीपैकी एकच दार निवडायचं.

आणि इथेही एक मुदत आहे बरं का. प्रांतांचा आदेश झाला आणि मुलाने पैसे दिले नाहीत तर रक्कम देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत वसुलीच्या वॉरंटसाठी अर्ज करायचा, नाहीतर त्या महिन्याचं वॉरंट निघत नाही. आदेशावर अपील करायचं तर ६० दिवस. ज्यांनी अजून बक्षीसपत्र केलेलं नाही त्यांनी मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार पुरतात, मुद्रांक लागत नाही आणि हयातीत कधीही बदलता येतं.

प्रश्न : आई नाशिकरोडला भावाकडे, मी ठाण्याला. बाबा प्रेसमध्ये होते, आईला फॅमिली पेन्शन आहे. या फेब्रुवारीत पासबुक भरून घेतलं तेव्हा दिसलं की ऑगस्ट २०२३ पासून भाऊ दर महिन्याला एटीएममधून जवळपास सगळी पेन्शन काढतोय, आईला वाटत होतं की पैसे जमा होतायत. आई म्हणते विश्वासाने कार्ड दिलं होतं. अडीच वर्षांपूर्वीच्या रकमेची तक्रार चालेल का?

उत्तर : चालेल, पण तारखांचा घोळ समजून घ्या. विश्वासाने दिलेली वस्तू स्वतःसाठी वापरली तर तो फौजदारी विश्वासघात. १ जुलै २०२४ च्या आधी काढलेल्या रकमांना जुनी भारतीय दंड संहिता (आयपीसी) लागते, कलम ४०६, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, म्हणून मुदत तीन वर्षं. त्यानंतर काढलेल्या रकमांना न्याय संहितेचं कलम ३१६(२), तिथे शिक्षा पाच वर्षांपर्यंत केलीय, आणि पाच वर्षांच्या गुन्ह्याला मुदत नाही. म्हणजे तोच भाऊ, तेच कार्ड, तेच एटीएम, पण जून २०२४ ची रक्कम मुदतीच्या बंधनात आणि जुलैची नाही. शिवाय गुन्हा झालाय हे माहीतच नव्हतं तर मुदत कळल्याच्या दिवसापासून मोजतात, म्हणून पासबुक कोणत्या दिवशी भरून घेतलं त्याची तारीख जपा, पण भाऊ म्हणेल आईला आधीपासून माहीत होतं, त्यामुळे सगळ्यात जुन्या रकमेला तीन वर्षं व्हायच्या आत, म्हणजे २०२६ च्या जुलैअखेरपर्यंत तक्रार नोंदवलेली बरी. (असं करणारा मुलगा परदेशात असेल तर तो भारताबाहेर असतानाचा काळ मुदतीतून वगळतात, हेही काही वाचकांच्या कामाचं.)

पण तक्रारीच्या आधी उद्या सकाळी बँकेत जा. आईच्या सहीने कार्ड बंद करायचं पत्र, खात्याला जोडलेला मोबाईल नंबर कोणाचा आहे ते बघून बदलायचा अर्ज, आणि २०२३ पासूनचं पूर्ण स्टेटमेंट. मग भावाला लेखी विचारा की पैसे कुठे खर्च झाले. आईचं ऑपरेशन, औषधं, बाई यावर खर्च झाला असेल तर तो बिलं दाखवेल, आणि तेवढा भाग विश्वासघात होत नाही. हे विचारल्याशिवाय पोलिसात जाऊ नका असं मी म्हणेन, भावावर दया म्हणून नाही, तर आई अजून त्याच घरात राहते म्हणून. आईला आधी काही दिवस तुमच्याकडे ठाण्याला न्या.

प्रश्न : आमच्या सोसायटीत, गंगापूर रोडला, वरच्या मजल्यावर एक आजोबा-आजी आहेत, मुलगा-सून सकाळी कामावर जाताना बाहेरून कुलूप लावून जातात. कधी कधी शनिवार-रविवार गावाला जातात तेव्हाही कुलूपच. आजी खिडकीतून पाणी मागतात. आम्ही परके, आम्हाला काही करता येतं का?

उत्तर : येतं. माणसाला कोंडून ठेवणं हा दखलपात्र गुन्हा आहे आणि त्याची खबर कोणीही देऊ शकतं, नातं लागत नाही. कोंडलं तर एक वर्षापर्यंत, तीन दिवस किंवा जास्त असेल तर तीन वर्षांपर्यंत, दहा दिवस किंवा जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा, आणि त्याप्रमाणे मुदत. गुन्हा सुरूच असेल तर मुदत दर क्षणाला नव्याने सुरू होते. आतून पाणी मागणारा आवाज आला की आधी पोलिसांच्या ११२ ला फोन, कायद्याचा विचार नंतर.

पण एक विचारते, दोघांपैकी कोणाला विसरण्याचा आजार आहे का? घर सोडून निघून जाणारं माणूस असतं तेव्हा कुलूप कधी कधी काळजीने लावलेलं असतं, चुकीचंच, आग लागली तर दोघं आत, पण छळ म्हणून नाही. आधी मुलाशी सोसायटीच्या दोन वडीलधाऱ्यांनी बोलावं, किल्ली शेजारी ठेवायला सांगावी. नाही म्हणाला, किंवा आजीच्या अंगावर काही खुणा दिसल्या, तर मग थांबू नका. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाईन १४५६७ आहे, सकाळी ८ ते रात्री ८. आजी-आजोबांना स्वतःला जमत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था त्यांच्या वतीने प्रांतांकडे अर्ज करू शकते. पोलिसांनी आजोबांना जबाबासाठी स्टेशनला बोलवायचं नसतं, साठीच्या पुढच्या माणसाचा आणि कुठल्याही बाईचा साक्षीदार म्हणून जबाब घरी येऊन घ्यायचा असतो, हे पोलिसांना तुम्हीच आठवण करून द्या.

प्रश्न : रामकुंडावर सेवेला जातो. दरवर्षी एक-दोन म्हातारी माणसं तिथे बसलेली सापडतात, घरचे ‘इथे बस, आलो’ सांगून गेलेले. आता सिंहस्थ तोंडावर आलाय. हा गुन्हा आहे ना?

उत्तर : आहे, दादा. २००७ च्याच कायद्याचं कलम २४. ज्याच्यावर सांभाळायची जबाबदारी आहे त्याने ज्येष्ठाला कायमचं टाकून द्यायच्या हेतूने कुठे सोडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दखलपात्र आहे, म्हणजे पोलिस स्वतः गुन्हा नोंदवू शकतात, पण जामीनपात्र आहे. तीन महिन्यांची शिक्षा म्हणून मुदत एक वर्ष. जन्मदात्याला गर्दीत सोडून जायला तीन महिने फारच कमी आहेत असं माझं स्पष्ट मत आहे.

माणूस सापडलं की आधी आश्रमात पोचवायची घाई होते, समजू शकते, पण त्याच दिवशी पोलिसांत नोंद करा. चुकामूक झालेली आणि टाकून दिलेली माणसं बघायला सारखीच दिसतात, घरचे खरोखर शोधत असतील तर त्या नोंदीवरून सापडतील, आणि टाकून गेले असतील तर तीच तारीख पुढे लागेल. पिशवीतली चिठ्ठी, औषधाची स्ट्रिप, बसचं तिकीट काहीही टाकू नका.

प्रश्न : माझी बाजू पण छापा. नवरा वर्षभर घरी नाही, मी आणि दोन मुलं सासूबाईंच्या नावावरच्या घरात, इंदिरानगरला. सासूबाईंनी प्रांतांकडे अर्ज केलाय की मला घरातून काढा. मी त्यांना कधी हात लावलेला नाही, स्वयंपाक मीच करते. मला रस्त्यावर यावं लागेल का?

उत्तर : छापली. ज्येष्ठांचा कायदा महत्त्वाचा आहे, आणि तो नवऱ्याने बायकोला घराबाहेर काढायला आईच्या सहीने वापरल्याच्या केसेसही मी चालवल्यात. २०२० च्या डिसेंबरमध्ये एस. वनिता यांच्या बेंगळुरूच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं, की ज्येष्ठांच्या कायद्याने सुनेचा कौटुंबिक हिंसाचार कायद्यातला राहत्या घराचा हक्क सरसकट पुसता येत नाही, दोन्ही कायदे एकत्र वाचायचे. याचा अर्थ सासूबाईंचं म्हणणं खोटं ठरलं असा नाही. त्यांना त्रास होतोय असं सिद्ध झालं तर प्रांत तुमची सोय बघून काही आदेश देऊ शकतात, आणि नवऱ्याने तुम्हाला दुसरं घर द्यावं हा मुद्दा तुम्ही मॅजिस्ट्रेटकडे मांडू शकता.

नवऱ्याला त्या अर्जात पक्षकार केलंय का ते आधी बघा, नसेल तर करायला सांगा, कारण आईला सांभाळायची पहिली जबाबदारी त्याची आहे, तुमची नाही. किराणा, गॅस, सासूबाईंच्या औषधांची बिलं तुमच्या नावाची असतील तर ती लावून लेखी उत्तर तयार करा, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली राहत्या घराचा अर्ज लगेच दाखल करा आणि त्याची प्रत प्रांतांसमोर ठेवा. एकदा सासूबाईंशी तुम्ही दोघीच असताना बोला, कोणाच्या सांगण्यावरून सही केली ते विचारा. आणि नोटिशीवर जी तारीख आहे त्या दिवशी स्वतः हजर राहा, मुद्दाम टाळलंत असं दिसलं तर एकतर्फी आदेश होऊ शकतो.